‘अनिवार्य’ की ‘ऐच्छिक’? जर्मनीतल्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचं गणित

प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकल इंजिनिअरिंगची चार सेमिस्टर पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला श्टुटगार्टजवळच्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडून मार्च ते ऑगस्ट अशा सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचं पत्र आलं आहे. काम इंग्रजीत चालणार. कॉलेजच्या अभ्यासक्रमात आठ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. निघण्याआधी काय उरकायचं, तिथे काय अडतं, आणि परत येताना हातात काय असायला हवं?

सामान किती न्यायचं आणि थंडी किती असते, हे कोणीही सांगेल. आधी करार उघडा आणि त्यात एक शब्द शोधा. जर्मन कायदा इंटर्नशिपचे दोन प्रकार मानतो. अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली ती ‘फ्लिश्टप्राक्टिकुम’ आणि विद्यार्थ्याने स्वतःहून केलेली ती ‘फ्रायविलिगेस प्राक्टिकुम’. काम तेच, टेबल तेच, साहेबही तेच. पण पगार, रजा, आजारपण, विमा हे सगळं या एका शब्दावरून ठरतं. बहुतेक विद्यार्थ्यांना तो शब्द पहिल्या पगाराच्या दिवशी कळतो, आणि तेव्हा काहीही बदलता येत नाही.

पगारापासून सुरुवात करू. जर्मनीचं किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० यूरो आहे. आठवड्याला चाळीस तास धरले तर महिन्याला साधारण २,४०० यूरो, कपातीआधी. शिक्षण चालू असताना केलेली ऐच्छिक इंटर्नशिप तीन महिन्यांपर्यंतची असेल, तर तिला हा नियम लागू होत नाही. तीन महिन्यांहून जास्त ठरली असेल, तर पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावंच लागतं. अनिवार्य इंटर्नशिप मात्र कितीही लांब असली तरी या नियमाबाहेर. तिथे कंपनी देईल ते वेतन, आणि शून्य दिलं तरी ते कायद्यात बसतं. म्हणूनच एचआरकडून पहिली मागणी येते ती कॉलेजच्या पत्राची: इंटर्नशिप अनिवार्य आहे असं लिहून द्या.

तुमचा खरा घोळ इथे आहे. कॉलेजची सक्ती आठ आठवड्यांची आणि करार सव्वीस आठवड्यांचा. पत्रात नुसतं ‘आठ आठवडे अनिवार्य’ एवढंच असेल, तर पुढचे अठरा आठवडे ऐच्छिक धरले जातात. अठरा आठवडे म्हणजे तीन महिन्यांहून जास्त, म्हणजे त्या काळाला किमान वेतन. हे कंपनीच्या लक्षात उशिरा आलं की ती मुदत कापते किंवा पत्रच मागे घेते. आधी कॉलेजच्या परीक्षा विभागाकडून अभ्यासक्रमाचा नियम नीट वाचून घ्या. कितीतरी नियमावल्यांत ‘किमान आठ आठवडे, किंवा पर्यायाने पूर्ण सेमिस्टर’ अशी तरतूद असते आणि पत्र टाइप करणाऱ्याला ती ठाऊकच नसते. तशी तरतूद असेल तर पत्रात पूर्ण मुदत, सेमिस्टरचा क्रमांक, अभ्यासक्रमाचं नाव आणि नियमाचं कलम येऊ द्या. नसेल तर कंपनीला सरळ सांगा आणि मुदतीची फोड करायला सांगा. ‘ओळखीने’ खोटं पत्र मिळवण्याच्या फंदात पडू नका. व्हिसाच्या अर्जाला तेच पत्र जोडलेलं असतं, आणि त्यातली विसंगती काढायला वकिलातीतल्या माणसाला फार वेळ लागत नाही.

किमान वेतन लागू असलेल्या ऐच्छिक इंटर्नशिपच्या करारात काय असायला हवं हेही कायद्यात आहे. इंटर्नशिप सुरू होण्याआधी कंपनीने या गोष्टी लिहून द्यायच्या असतात: शिकण्याचं उद्दिष्ट, सुरुवात आणि मुदत, रोजचे तास, वेतन आणि रजा. यातला पहिला मुद्दा विद्यार्थी ओलांडून जातात. पण दोन महिने नुसत्या एक्सेल फाइली साफ करायला लावल्या, तर बोट ठेवायला तीच ओळ कामाला येते. तिथे ‘विभागाला मदत करणे’ असं मोघम लिहिलेलं असेल, तर सही करण्याआधी दोन वाक्यं नेमकी मागा: कोणत्या भागावर काम, कोणतं सॉफ्टवेअर किंवा कोणती चाचणी.

व्हिसा दोन वाटांनी मिळतो. एक वाट जर्मन निवास कायद्याच्या १६ई कलमाची. त्यात मुदत जास्तीत जास्त सहा महिने, करारात प्रशिक्षणाचा तपशील आणि देखरेख कोण करणार ते हवं. शिवाय मुदत संपल्यावर तुम्ही बेकायदा राहिलात तर सहा महिन्यांपर्यंतचा खर्च उचलण्याची लेखी हमी कंपनीला द्यावी लागते. लहान कंपन्या या हमीला बिचकतात. दुसरी वाट म्हणजे रोजगार खात्याच्या झेडएव्ही या विभागाची संमती. तिच्यासाठी चार सेमिस्टर पूर्ण असावी लागतात, काम अभ्यासाच्या विषयातलंच असावं लागतं आणि मुदत बारा महिन्यांच्या आत. अर्ज कंपनी करते, विद्यार्थी नाही. त्यामुळे ‘अर्ज गेला का?’ हा प्रश्न एचआरला आठवड्यातून एकदा विचारायला लाजू नका. तिकडे त्याला उद्धटपणा समजत नाहीत.

या दुसऱ्या वाटेवर एक खड्डा आहे. इंटर्नशिप संपेपर्यंत तुमचा कॉलेजातला प्रवेश चालू असायला हवा. शेवटच्या सेमिस्टरचे विद्यार्थी जूनमध्ये निकाल लावून घेतात आणि ऑगस्टपर्यंतची इंटर्नशिप विद्यार्थी म्हणून मागतात. ती मिळत नाही. पदवी हातात आली असेल तर १६ई ची वाट धरावी. तिथे पदवीनंतर दोन वर्षांपर्यंत अर्ज चालतो.

दीर्घ मुदतीच्या व्हिसाची फी ७५ यूरो. उत्पन्नाचा पुरावा लागतो. कंपनीचं वेतन पुरेसं नसेल तर उरलेली रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावी लागते. विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ यूरो हा आकडा वापरला जातो. श्टुटगार्टच्या भाड्यांचा विचार केला, तर हिशेबाची खालची रेघ म्हणून तो आकडा डोळ्यासमोर ठेवा. व्हिसा हातात आला की तीन गोष्टी तिथल्या तिथे तपासा: नावाचं स्पेलिंग, मुदत कराराच्या दोन्ही टोकांना पुरते का, आणि शेऱ्यात कंपनीचं नाव बरोबर आहे का. त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच की फक्त तिथेच काम करता येईल. शनिवारी कॅफेत चार तास काम केलं तरी तो नियमभंग. हे सगळं जुळवायला चार महिने हाताशी ठेवा. तीन महिन्यांत होतं, पण जीव टांगणीला लागतो.

आता घर. बऱ्याच जणांचा पाय इथेच घसरतो. इंटर्नसाठी सोयीचा प्रकार म्हणजे ‘त्स्विशनमीटे’: एखादा विद्यार्थी सेमिस्टरभर बाहेर जातो आणि आपली खोली सामानासकट तेवढ्या काळापुरती देतो. दुसरा ‘वेगे’, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर. जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्ट’ म्हणजे नुसतं भाडं, ‘वार्म’ म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. तुलना नेहमी वार्मची करा, आणि वीज व इंटरनेट त्यात आहे का ते वेगळं विचारा. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी.

फसवणुकीची पद्धत वर्षानुवर्षं तीच आहे. मध्यवर्ती भागात सुंदर फ्लॅट, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी, मालक ‘सध्या परदेशात’, आणि अनामत पाठवली की किल्ली कुरिअरने येणार. व्हिडिओ कॉलवर खोली फिरून दाखवत नाही त्याला एक यूरोही पाठवू नका. आणि एक प्रश्न हमखास विचारा: या पत्त्यावर ‘आनमेल्डुंग’ करता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर खोली कितीही स्वस्त असली तरी ती सोडा.

कारण आनमेल्डुंग, म्हणजे राहण्याची नोंदणी, यावर पुढची साखळी उभी आहे. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती नगरपालिकेच्या ब्यूर्गरआम्टमध्ये करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याची सही असलेलं ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हे पत्र लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही, हे खिडकीपाशी पोचल्यावर कळणारे अनेक असतात. मोठ्या शहरांत भेटीच्या वेळा आठवडे-आठवडे मिळत नाहीत, म्हणून घर पक्कं झालं की विमानात बसण्याआधीच वेळ घ्या. नोंदणी झाली की अकरा आकडी करक्रमांक पोस्टाने घरी येतो. पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. पहिल्या दिवशी करायच्या कामांत चिकटपट्टी आणि पेन हे खरंच येतं. करक्रमांक पगार विभागाला वेळेत मिळाला नाही, तर सगळ्यात जड असलेल्या सहाव्या करवर्गाने कपात होते. नंतर ती दुरुस्त होते, पण पहिल्या महिन्यात नेमके पैसे नसतात तेव्हाच ती कापली जाते.

पैशांबद्दल इतकंच धरून चाला की एक मार्चला रुजू झालात तर पहिला पगार मार्चअखेरच्या आधी नाही. आणि पगाराची यादी महिन्याच्या मध्यावर बंद होत असेल, तर तुमचं नाव एप्रिलच्या यादीत जातं. अनामत, पहिलं भाडं आणि दोन महिन्यांचं जेवणखाण इतकी रक्कम सुरुवातीला स्वतःची लागते. प्रवासासाठी देशभर चालणारं डॉइचलंड-तिकीट आहे, २०२६ मध्ये महिना ६३ यूरो. स्थानिक गाड्या, बस, ट्राम सगळं त्यात येतं. आयसीईसारख्या जलद गाड्या येत नाहीत. ते आपोआप पुढे चालू राहतं. महिनाअखेर बंद करायचं तर त्याच महिन्याच्या दहा तारखेच्या आत सांगावं लागतं. अकराला आठवलं की आणखी एका महिन्याचे पैसे वाया.

प्रत्येक घराला नभोवाणी-दूरदर्शनची वर्गणी, ‘रुंडफुंकबायट्राग’, महिना १८.३६ यूरो. टीव्ही नाही म्हणून ती टळत नाही. पण ती घरामागे एकच असते. वेगेत कोणी आधीच भरत असेल तर पत्राला उत्तर म्हणून त्याचा ग्राहक क्रमांक कळवा आणि आपला वाटा त्याला द्या. पत्र केराच्या टोपलीत टाकणं हा उपाय नव्हे, दंडाची पत्रं त्यापाठोपाठ येतात.

विम्यातही तोच एक शब्द. वेतनाची ऐच्छिक इंटर्नशिप असेल तर साधारणपणे कंपनी तुम्हाला सार्वजनिक आरोग्य विम्यात नोंदवते आणि वाटा पगारातून कापते. अनिवार्य असेल तर बहुधा स्वतःचा विमा आणावा लागतो. कोणता लागू, हे एचआरकडून लेखी घ्या. कामावरच्या अपघाताचा विमा कंपनीच्याच खर्चाने असतो. त्याशिवाय एक विमा स्वतःहून घ्यावा, तो म्हणजे ‘हाफ्टफ्लिश्ट’, दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. महिन्याला काही यूरोंचा खर्च. इमारतीची मुख्य किल्ली हरवली तर साऱ्या कुलपांची मालिका बदलण्याचा खर्च भाडेकरूच्या अंगावर येऊ शकतो. तो हजारोंत जातो. हरवलेल्या किल्ल्यांची भरपाई त्यात आहे ना, एवढं पाहून घ्या.

कामाचे तास. कायद्याने दिवसाला आठ, काही अटींवर दहापर्यंत. सहा तासांहून जास्त काम असेल तर अर्धा तास सुट्टी सक्तीची, नऊहून जास्त असेल तर पाऊण तास. दोन दिवसांच्या कामात अकरा तासांचं अंतर. धातू उद्योगाचा वेतनकरार लागू असलेल्या त्या भागातल्या कंपन्यांत आठवडा ३५ तासांचा असतो. रात्री नऊपर्यंत बसून ‘मेहनती’ ठरण्याचा प्रयत्न तिथे उलटा पडतो. साहेबाला वाटतं, दिलेलं काम याला वेळेत जमत नाही किंवा हा माझ्यावर कामगार खात्याची नोटीस आणणार. संध्याकाळी ‘फायरआबेंड’, म्हणजे आजचं काम संपलं, म्हणून लोक उठतात तेव्हा उठायचं.

आजारी पडलात तर काम सुरू व्हायच्या आधी कळवा. तीन दिवसांपेक्षा जास्त चाललं तर चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टरचा दाखला लागतो, आणि कंपनी तो आधीही मागू शकते. ऐच्छिक इंटर्नला चार आठवडे काम झाल्यावर आजारपणातही वेतन मिळतं आणि पाच दिवसांच्या आठवड्यात वर्षाला किमान वीस, म्हणजे सहा महिन्यांना दहा दिवस रजा मिळते. अनिवार्य इंटर्नला कायद्याने यातलं काहीच नाही. करारात असेल तेवढंच. म्हणून अनिवार्य करारात रजेची ओळ कोरी दिसली तर सहीच्या आधी मागून घ्या. विचारलं तर बहुतेक जण देतात, न विचारलेल्याला कोणी देत नाही.

पहिल्या आठवड्यात सुरक्षेचं प्रशिक्षण होतं आणि ते झाल्याची सही घेतात. ते जर्मनमध्ये झालं आणि तुम्हाला समजलं नसेल, तर सही करू नका. इंग्रजीतून पुन्हा मागा, त्यात काही कमीपणा नाही. कारखान्याच्या दारात मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतील, ते काढू नका. कंपनीची कोणतीही फाइल स्वतःच्या मेलवर पाठवू नका, घरी रात्री ‘जरा बघायला’ म्हणूनसुद्धा नाही. इंटर्नला घरी पाठवण्याचं ते एक ठरलेलं कारण आहे.

खरी अडचण येते ती संवादात. आपल्याकडे ‘हो’ म्हणजे ‘ऐकलं’, तिथे ‘हो’ म्हणजे ‘शुक्रवारी मिळेल’. मान डोलावण्याचा अर्थही तिथे कोणाला लागत नाही. त्यामुळे काम सांगून झालं की दहा मिनिटांत तीन ओळींची मेल पाठवा: मला काय समजलं, काय देणार, कधी देणार. चुकीचं समजलं असेल तर तिथेच कळतं. अडलात तर अर्धा दिवस स्वतः झगडा, मग विचारा. पण विचारताना काय-काय करून पाहिलं ते सांगा. आठवडाभर गप्प बसून शुक्रवारी ‘झालं नाही’ म्हणणं ही एकच चूक तिथे खरोखर माफ होत नाही. उलट ‘हे असं चालणार नाही’ असं तोंडावर ऐकू आलं तर खचू नका. ते कामाबद्दल असतं, आणि बोलणारा दुपारी तुमच्याबरोबरच कॅंटीनमध्ये जेवायला येतो. कौतुकाची वाटही पाहू नका. श्टुटगार्टच्या त्या स्वाबियन मुलखात म्हणच आहे, ओरडलो नाही म्हणजे कौतुक झालं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो. घराच्या दारावर ‘केरवोखं’ लिहिलेली पाटी लटकली तर या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. श्टुटगार्टकडे ही गोष्ट गमतीने घेत नाहीत.

कामाचा आराखडा मांडताना सव्वीस आठवडे धरू नका. १३० कामाच्या दिवसांतून बाडेन-व्युर्टेम्बर्ग या श्टुटगार्टच्या राज्यातल्या मार्च ते ऑगस्टमधल्या साधारण सहा सार्वजनिक सुट्ट्या वजा करा, दहा दिवस रजा वजा करा. पहिले दोन आठवडे पासवर्ड, ओळखपत्र, सॉफ्टवेअरचा परवाना यात जातात, शेवटचे दोन हस्तांतरणात. उरले ९४ दिवस. त्यात ऑगस्टमध्ये तुमचा मार्गदर्शक दोन-तीन आठवडे सुट्टीवर जाणार, म्हणजे त्याच्या सहीची प्रत्येक गोष्ट जुलैत उरकायला हवी. सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात अर्ध्या तासाची बैठक स्वतः मागा. विषय बदलायचा असेल तर सहाव्या आठवड्यात बोलता येतं, अठराव्यात नाही.

कॉलेजला अहवाल द्यायचा असेल तर त्यात कंपनीची मापं, चित्रं, चाचणीचे आकडे काय घालता येतील हे विधी विभागाकडून मंजूर करून घ्यावं लागतं. कधी अहवालावर ‘श्पेरफेरमेर्क’, म्हणजे ठरावीक लोकांनीच वाचावा असा शिक्का येतो. तुमचं कॉलेज असा अहवाल स्वीकारतं का, हे एप्रिलमध्ये विचारा. मंजुरीला आठवडे लागतात, आणि शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत केला की फाइली गेल्या.

शेवटी ‘त्सॉइग्निस’, म्हणजे प्रमाणपत्र. ऐच्छिक इंटर्नला ते कायद्याने मिळतं. अनिवार्यला बहुतेक कंपन्या देतात, तरी करारात लिहून घेतलेलं बरं. साध्या प्रमाणपत्रात फक्त काम आणि मुदत असते. कामाचं मूल्यमापन असलेलं ‘क्वालिफित्सिर्टेस’ वेगळं मागावं लागतं. शेवटच्या दिवसाच्या चार आठवडे आधी मागा आणि सोबत स्वतःच्या कामाची पाच-सहा मुद्द्यांची यादी द्या, लिहिणारा तीच उचलतो. इंग्रजी प्रतही मागा.

हे प्रमाणपत्र वाचायलाही शिका, कारण त्याची भाषा वरवर गोड आणि आतून श्रेणीबद्ध असते. ‘नेहमीच आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे’ म्हणजे उत्तम. ‘नेहमीच पूर्ण समाधानाप्रमाणे’ म्हणजे चांगलं. ‘नेहमीच’, म्हणजे ‘श्टेट्स’ हा शब्द गळला की मध्यम. नुसतं ‘समाधानाप्रमाणे’ राहिलं की जेमतेम. आणि ‘त्याने प्रयत्न केले’ असं आलं तर तो नापासाचा शेरा आहे. शेवटच्या परिच्छेदात आभार, जाण्याचं वाईट वाटणं आणि पुढच्या वाटचालीच्या शुभेच्छा हे तिन्ही असायला हवं. एक जरी नसलं तरी जर्मन एचआरच्या नजरेत ते खुपतं. दुरुस्ती मागता येते, सभ्यपणे आणि नेमका शब्द सुचवून.

निघताना आनमेल्डुंगच्या उलट ‘आबमेल्डुंग’, देश सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येते. तिचा कागद जपून ठेवा. रुंडफुंकबायट्राग आणि मोबाइलचा करार बंद करायला तोच दाखवावा लागतो. घर सोडताना मालकाबरोबर खोलीची पाहणी करून लेखी नोंद करा, मीटरचे आकडे आणि भिंतींचे फोटो घ्या. अनामत परत यायला काही महिने लागू शकतात, कारण हीटिंगचा वार्षिक हिशेब नंतर होतो. म्हणून जर्मन बँक खातं विमानतळावर जाण्याआधी बंद करू नका. शेवटचा पगार आणि अनामत जमा झाली की मग बंद करा. पगार विभागाकडून येणारं वार्षिक करपत्रकही घरच्या पत्त्यावर मागवा. कर कापला गेला असेल तर चार वर्षांपर्यंत विवरण भरून तो परत मागता येतो, आणि वर्षभरातलं उत्पन्न २०२६ च्या १२,३४८ यूरोंच्या करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर बहुधा सगळाच परत येतो.